चहाच्या रंगाची

जिन म्हणजे वाफ धरून गाळलेला काढा आहे, हे एकदा लक्षात आलं की तिच्याबद्दलची निम्मी भीड चेपते. धान्यापासून किंवा उसाच्या मळीपासून आधी जवळजवळ बिनचवीची दारू करायची, आणि मग तिला मसाल्यांची संगत देऊन पुन्हा एकदा ऊर्ध्वपातन करायचं. मसाले कोणते, तर धने, वेलदोडे, ज्येष्ठमध, दालचिनी, लिंबाची साल, संत्र्याची साल. सर्दी झाली की आई जे उकळायची त्यात आणि या यादीत फरक एवढाच, की आईच्या काढ्यात तुळस असायची आणि जिनमध्ये जुनिपरची फळं असतात. तीही आपल्याला अगदी परकी नाहीत. आयुर्वेदात त्यांना हपुषा म्हणतात, काष्ठौषधीवाले हाऊबेर म्हणतात. २०१७मध्ये गोव्यात 'ग्रेटर दॅन' निघाली आणि त्यानंतर भारतीय जिनांची रांगच लागली. तिच्या कर्त्यांनी पुढची जिन हिमालयातल्या जुनिपरची केली आणि तिचं नावच 'हपुसा' ठेवलं. माझ्या ओळखीच्या पुण्यात तोवर जिन म्हणजे 'लेडीज ड्रिंक' होतं. पार्टीत कुणा वहिनींच्या लिंबू सरबतात हळूच घालून द्यायची गोष्ट.

तर या काढ्यात चहा का नको? हा प्रश्न मला पडायच्या आधी न्यूयॉर्कमधल्या ऑड्री सॉन्डर्स या बारटेंडर बाईंना पडला होता. त्यांनी अर्ल ग्रे चहा जिनमध्ये भिजवून, त्यात लिंबाचा रस, साखरेचा पाक आणि अंड्याचा पांढरा बलक घालून 'अर्ल ग्रे मार्टीनी' नावाचं पेय केलं. 'मार्टीनी'तल्या 'टी'वर इंग्रजीत श्लेष आहे, तो मराठीत मरतो. पेय मात्र मरत नाही. कृती साधी आहे: चहाची पानं कोरडीच जिनच्या बाटलीत घालायची, दीड-दोन तास ठेवायची, गाळायची. उकळायचं नाही, तापवायचंही नाही. चहातलं जे जे पाण्यात उतरायला उष्णता लागते, ते मद्यार्क थंडपणे ओढून घेतो. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, आणि तेवढा मद्यार्क या कामाला भरपूर झाला.

थोडा जास्तच भरपूर. कारण तो चहाचा सुगंध ओढतो तसा तुरटपणाही ओढतो. टॅनिन म्हणून जे म्हणतात ते. तोंडात गेल्यावर ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि जीभ कोरडी, खरखरीत होते. कच्चं केळं किंवा न पिकलेलं जांभूळ खाल्ल्यासारखी. म्हणून इथे आपली रोजची सीटीसी पावडर चालत नाही. सीटीसी म्हणजे चिरडा, फाडा, गुंडाळा. पान इतकं फोडलेलं असतं की जिनमध्ये पडल्यावर दहा मिनिटांत सगळं बाहेर टाकतं आणि बाटलीत गढूळ, कडू काहीतरी उरतं. त्यासाठी अख्ख्या पानांचा चहा हवा. दार्जिलिंगचा उन्हाळी तोडणीचा उत्तम, नीलगिरीचा स्वस्त आणि जवळपास तितकाच चांगला.

इथे पुणेकर म्हणून मला सीटीसीची बाजू घेतली पाहिजे. आपलं अमृततुल्य त्याच पावडरीवर उभं आहे. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी कुटुंबांनी या शहराला पितळी पातेल्यातला, वेलदोडा-आलं ठेचून घातलेला, दुधात उकळ उकळ उकळलेला चहा प्यायला शिकवलं. चहाच्या शौकिनाने अंगावर काटा यावा इतकी ती पावडर उकळते, आणि तरी तो चहा घशाला बोचत नाही. का? तर दूध. दुधातलं केसीन टॅनिनला धरतं. लाळेतल्या प्रथिनांना जे व्हायचं ते दुधातल्या प्रथिनांना होऊन जातं आणि जीभ वाचते. सॉन्डर्सबाईंच्या अंड्याच्या बलकाचं कामही तेच. तुरटपणाला कुणीतरी मध्ये घ्यावं लागतं.

ही माहिती म्हणून रंजक आहे. पण मी चहाची जिन करायला घेतली तेव्हा घरात आई होती, आणि आईच्या समोर चहाच्या रंगाची दारू करणं ही साधी गोष्ट नव्हती.

बाबा कपबशीतून प्यायचे. नारायण पेठेतल्या वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या आणि पुढे सामाईक गॅलरी. संध्याकाळी सातला बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, समोर स्टुलावर निळ्या काठाची कपबशी. रममध्ये पाणी घातलं की तिचा रंग हुबेहूब कोऱ्या चहासारखा होतो. येणारे-जाणारे विचारायचे, "काय, चहा चाललाय?" बाबा म्हणायचे, "हो, कोरा." विचारणाऱ्याला ठाऊक असायचं, सांगणाऱ्याला ठाऊक असायचं, आणि दाराआड भाजी निवडत बसलेल्या आईलाही. मला मात्र बरीच वर्षं खरोखरच वाटायचं की बाबांना पित्ताचा त्रास आहे म्हणून ते बिनदुधाचा चहा घेतात. बशीत ओतूनही प्यायचे. नाटक पूर्ण करायचं तर बशी हवीच.

बाटली आईच्या ताब्यात असायची, निदान कागदोपत्री. फडताळात, रव्याच्या डब्यामागे. आई रोज सकाळी लेबलवर पेन्सिलीने बारीक रेघ मारायची, पातळी जिथे असेल तिथे. बाबा त्यावर कधी भांडले नाहीत. ते रात्री उठून पीत आणि रेघेपर्यंत पाणी भरून ठेवत. त्यामुळे सकाळी रेघ जागच्या जागी असायची आणि रंग मात्र आठवडाभरात फिका होत जायचा. आई मग बाटली खिडकीशी नेऊन उजेडात धरायची. ते दृश्य मला पाढ्यांसारखं पाठ आहे: नऊवारी नेसलेली आजी देवापुढे, आणि तिच्याकडे पाठ करून खिडकीपाशी उभी आई, हातात बाटली, एक डोळा मिटलेला.

बाबांकडे परवाना होता. महाराष्ट्रात दारूबंदी आजही उठलेली नाही हे पुष्कळांना सांगितलं तर हसतात. पण मोरारजी देसाई गृहमंत्री असताना झालेला १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा, नावातलं मुंबई जाऊन महाराष्ट्र येऊन, अजून चालू आहे. दारू घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो: एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. बिअरला एकविसावं वर्ष पुरतं, कडक दारूला पंचवीस पूर्ण असावी लागतात. लग्न करून, निवडणूक लढवून नगरसेवक होता येईल, पण पेग घेता येणार नाही, असं ते वय आहे. आणि यातला सगळ्यात मौजेचा भाग म्हणजे असा परवाना प्रकृती सांभाळण्याच्या कारणासाठी देण्याची कायद्यात सोय होती. म्हणजे सरकारदरबारी बाबा प्रकृतीसाठी पीत होते आणि वाड्यात पित्तासाठी. १९९६मध्ये ते जलोदराने गेले. यकृत संपलं होतं. परवाना आईने टाकला नाही. जन्मपत्रिका, रेशनकार्ड आणि विजेच्या जुन्या बिलांच्या पिशवीत तो अजून आहे.

दोन वर्षांपूर्वी आई माझ्याकडे कोथरूडला राहायला आली. मी पिते. फार नाही, शुक्रवारी-शनिवारी एखादा ग्लास, क्वचित दोन. हे तिला माहीत होतं, पण वेगवेगळ्या घरांत राहून माहीत असणं निराळं. ती येणार म्हटल्यावर मैत्रिणींनी एकमताने सल्ला दिला: बाटल्या तुझ्या कपाटात हलव, साड्यांमागे. म्हातारपणी तिला कशाला त्रास? सल्ला मायेचा होता. पण रव्याच्या डब्यामागे काय असतं हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी आईला विचारलं, "तुला चालणार नसेल तर मी घरात ठेवणार नाही. पण ठेवली तर लपवून ठेवणार नाही." आई म्हणाली, "तुझं घर आहे." हे वाक्य पुण्यात किती प्रकारे म्हणता येतं ते पुणेकरांना सांगायला नको. मी बाटली स्वयंपाकघरात उघड्या फळीवर ठेवली, चहाच्या डब्याशेजारी. आईने त्यानंतर तीन महिने चहाचा डबा दुसऱ्या फळीवर ठेवला. मी तो परत जागेवर ठेवायचे, ती परत हलवायची. त्यावर आम्ही बोललो नाही.

चहाची जिन मी एका रविवारी सकाळी ओट्यावरच करायला घेतली. सकाळ मुद्दाम निवडली, कारण त्या वेळी ती पिण्यासाठी नाही हे उघड असतं. जिनची हाफ, म्हणजे ३७५ मिली. त्यात १५ ग्रॅम दार्जिलिंग. आई समोर खुर्चीवर बसून गवार मोडत होती. चहाची पानं बाटलीत पडली आणि पाच-सात मिनिटांत त्या पाण्यासारख्या जिनमध्ये तांबूस धागे उतरायला लागले. तासाभराने बाटली पूर्ण तांबूस झाली. आई बघत होती. म्हणाली, "रंग तोच."

मी काही बोलले नाही. रंग तोच होता.

आता यात अंड्याचा बलक घालायचा तर आईच्या स्वयंपाकात अंडं चालत नाही, आणि एका वेळी तिच्या सहनशक्तीवर किती भार टाकायचा याला मर्यादा आहे. दुसरा रस्ता दुधाचा. हा नवा नाही, उलट फार जुना आहे, आणि त्याचं एक टोक आपल्याच किनाऱ्यावर आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७०च्या दशकात इकडे होता. मुघल सुभेदाराच्या बोलावण्यावरून तो मुंबईहून घाट चढून जुन्नरलाही येऊन गेला. त्याच्या प्रवासवर्णनात त्याने गोव्याजवळच्या नेरूळच्या अराकबद्दल लिहिलं आहे, आणि इंग्रज लोक तिचं 'पंच' करतात, या शब्दाचा अर्थ पाच, कारण त्यात पाच जिनसा पडतात, असा खुलासाही केला आहे. दारू, लिंबू, साखर, पाणी, आणि पाचवा मसाला. पुढे या पाचव्या जागी चहाही येऊन बसला. व्युत्पत्तीवर विद्वान भांडतात, मला ती पटते. पाच वस्तू एकत्र करून त्यांना पंचामृत म्हणणाऱ्या लोकांच्या देशात पाच वस्तूंच्या दारूला पंच म्हणावं, यात ओढूनताणून काय आहे?

इंग्रजांनी पुढे या पंचमध्ये दूध घालून ते नासवायला आणि गाळायला सुरुवात केली. नासलेल्या दुधाच्या गाठी तुरटपणा, कडवटपणा आणि बराचसा रंग धरून बसतात. खाली येतं ते नितळ आणि मऊ. ही युक्ती नुसत्या चहाच्या दारूवर वापरायची कल्पना डेव्ह आर्नल्ड या न्यूयॉर्कच्याच माणसाने २०१४च्या 'लिक्विड इंटेलिजन्स' या पुस्तकात व्यवस्थित मांडली आहे. तो व्होडका घेतो, मी जिन. प्रमाण असं: ३७५ मिली चहाच्या दारूला १२५ मिली दूध. इथे एक गोष्ट महत्त्वाची. दूध दारूत ओतायचं नाही, दारू दुधात ओतायची, सावकाश. उलटं केलं तर पहिला थेंब पडताक्षणी दूध मोठ्या गाठींत फाटतं आणि गाळणीचं काम नीट होत नाही. मग चमचाभर लिंबाचा रस.

आईने आयुष्यभर दूध नासू नये म्हणून जीव टाकला आहे. आमच्याकडे चहाच्या भांड्याजवळ लिंबू ठेवायचीही सोय नव्हती. त्यामुळे मी लिंबू पिळलं आणि पातेल्यात दूध फाटून तपकिरी गाठी पाण्यावर तरंगायला लागल्या, तेव्हा तिच्या तोंडून आपसूक "अगंऽ" निघालं. मी सांगितलं, मुद्दाम नासवलंय, आता गाळायचं. मी चहाचं गाळणं घेतलं. आईने गवारीचं ताट बाजूला सारलं.

"त्यानं काय होतंय? चक्क्याचं फडकं घे."

श्रीखंडासाठी चक्का टांगायचं मलमलचं फडकं. तिने ते स्वतः काढलं, ओलं करून पिळलं, दुहेरी केलं आणि पातेल्यावर बांधलं. मी मिश्रण ओतलं. सुरुवातीला खाली गढूळच येतं. मी फडक्याची कडा धरून थोडं दाबायला गेले तर तिने माझा हात धरला. "पिळायचं नाही. पिळलं की गढूळ उतरतं. आपापलं गळू दे." आणि मग, "पहिलं आलंय ते परत वर घाल. गाठींचाच थर बसतो, तोच गाळतो."  आईने आर्नल्डचं पुस्तक वाचलेलं नाही. तिने साठ वर्षं पनीर, चक्का आणि तूप केलं आहे.

गळायला दोन तास लागले. त्या दोन तासांत ती तिथून उठली नाही. मधून मधून फडक्याची गाठ सैल-घट्ट करत होती, पातेलं हलकेच कलवून बघत होती. दारूच्या वासाने तिचं तोंड वाकडं झालेलं होतं आणि हात मात्र त्या कामात रमले होते. मी तिला एवढ्या जवळून, एवढा वेळ काहीतरी करताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मध्येच म्हणाली, "त्यांना सांगायचे मी, घ्यायचीच तर पाटावर बसून घ्या, ताटासोबत घ्या. आत या." थोड्या वेळाने, "आत यायला लाज वाटायची." मी विचारलं, "आणि गॅलरीत नाही वाटायची?" तर म्हणाली, "गॅलरीत चहा होता ना."

पातेल्यात उतरलेलं मी धुतलेल्या बाटलीत भरलं. तांबूस रंग फडक्यात राहिला होता. बाटलीतलं द्रव फिकट सोनेरी होतं, ताज्या गवताच्या काडीसारखं, आणि तळ दिसत होता. आईने बाटली हातात घेतली, खिडकीशी नेली, उजेडात धरली. एक डोळा मिटला.

"फिकी झाली. पाणी घातलंस?"

"नाही. तुझ्यासमोर तर केली. दूधच तेवढं."

ती बराच वेळ तशीच बघत राहिली. मग झाकण उघडून वास घेतला. "वास चहाचा आहे," म्हणाली, जणू चहाने तिचा विश्वासघात केला होता.

प्यायची कशी ते सांगते, कारण इथवर वाचलेल्यांना ते कळायला हवं. गॅलरीतल्या कुंडीत गवती चहा आहे. गवती चहा हा चहाच नाही, ते गवत. पण त्यात लिंबाच्या सालीतलंच सिट्रल असतं, त्यामुळे अर्ल ग्रेमधल्या बर्गमॉटची उणीव तो बऱ्यापैकी भरून काढतो. वाटीभर साखर, वाटीभर पाणी, सात-आठ पाती कात्रीने कापून, एक उकळी, झाकण ठेवून गार करायचं. मग ६० मिली जिन, १५ मिली हा पाक, १५ मिली कागदी लिंबाचा रस आणि चिमटीत येईल तेवढं मीठ. मीठ विसरू नका, त्याने कडवटपणा आणखी मागे सरतो. घट्ट झाकणाच्या बरणीत बर्फ घालून जोरात हलवायचं. दुधातली काही प्रथिनं गाळल्यावरही उरतात, त्यामुळे अंड्याशिवाय वर छान दाट फेस येतो. ग्लास काचेचाच घ्या. आधी तुळशीच्या वाऱ्यासारखा काहीतरी हिरवा वास येतो, मग लिंबू, आणि घोट गिळून झाल्यावर चहा. तोही दुपारच्या झोपेतून उठल्यावरचा, पहिल्या उकळीचा. तुरटपणा नाही म्हणावा इतका कमी. जुनिपरचा देवदारी वास दार्जिलिंगला इतका शोभतो की ही दोघं पहिल्यांदा भेटताहेत असं वाटत नाही. दोघंही हिमालयातलीच, म्हणून असेल.

आणि एक. ही पिताना मद्यार्क जाणवत नाही. हे कौतुक म्हणून लिहितात, मी इशारा म्हणून लिहिते आहे. साठ मिली म्हणजे साठ मिली. मी मोजायचं भांडं वापरते आणि ते आईच्या देखत वापरते. मैत्रिणी म्हणतात, अगं, इतकं प्रयोगशाळेसारखं काय? माझ्या घरात जे चोरून चाललं त्याला कधी माप नव्हतं, एवढंच मी त्यांना सांगते, आणि तेही एखाद्या वेळीच.

आईने घोट घेतला नाही. घेईल असं मला वाटलंही नव्हतं, आणि तिने घ्यावा अशी माझी इच्छाही नव्हती. मी प्यायला बसले की ती अजूनही दहा-पंधरा मिनिटांसाठी आतल्या खोलीत जाते. पूर्वी दार लावायची, आता उघडं असतं. माझं बोलणं पहिल्या ग्लासनंतर कसं आहे हे ती आतून ऐकते, हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तिला. मी पिते म्हणून ती निवांत नाही. तिला निवांत करणं माझ्या हातात असतं तर ते पिणं सोडून झालं असतं, आणि मी ते सोडलेलं नाही. हा हिशोब मी रोज मनात मांडते आणि तो रोज सुटतोच असं नाही.

त्या रविवारी बाटलीवर लावायला मी लोणच्याच्या बरण्यांची चिकटपट्टी काढली. नाव, तारीख, माप लिहायला पेन शोधत होते तेवढ्यात आईने पट्टी ओढून घेतली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: चहाची. खाली तारीख. खाली, ४१० मिली. 'जिन' हा शब्द तिने लिहिला नाही. बाटली फळीवर गेली, चहाच्या डब्याजवळ. डबा तिथेच राहिला.

पुढच्या शुक्रवारी मी पहिला ग्लास केला. शनिवारी सकाळी दूध तापवताना माझं बाटलीकडे लक्ष गेलं. चिकटपट्टीवर, आतल्या पातळीला लागून, पेन्सिलीने मारलेली एक बारीक रेघ होती. आई दाराशी वर्तमानपत्र चाळत बसली होती. तिने वर पाहिलं नाही. मी फ्रिजवरची पेन्सिल घेतली आणि त्या रेघेशेजारी बारीक अक्षरात लिहिलं: ६० मिली, शुक्र. मग चहाचा डबा उघडला, आधण ठेवलं आणि तिला विचारलं, दुधाचा की कोरा.

"दुधाचा," ती म्हणाली. "आलं घाल."